भिंतीकडची बाजू

घोडी उजवा पुढचा पाय चोरून टाकते आहे, हे सगळ्यांत आधी मुकादमाच्या लक्षात आलं आणि घोडीवाल्याला झोंबलं ते हेच. घोडी त्याची. दिवसभर तिच्या डोक्याशी चालणारा तो. आणि खाली रस्त्याकडेला ओंडक्यांच्या थप्पीवर पाय सोडून बसलेल्या माणसाने जागेवरूनच ओरडून सांगावं, "अरे, तुझी घोडी पाऊल चोरतेय बघ!"

"थंडीनं आखडलीय. चालली की होईल मोकळी."

चालली, पण मोकळी झाली नाही.

पाऊस सरला होता, उतारावरचा चिखल मात्र सरला नव्हता. सकाळी त्यावर दंव गोठायचं, दुपारी ते वितळून पुन्हा चिकचिक व्हायची. तोडलेली झाडं खाली आणायला त्या उतारावर ट्रॅक्टर चढत नसे, म्हणून तर घोड्यांना काम होतं. फांद्या छाटलेल्या ओंडक्याला साखळीचा फास टाकायचा, साखळी घोड्याच्या साजाला अडकवायची आणि उतार तिरका कापत रस्त्यापर्यंत यायचं. साखळी सोडायची की पुन्हा वर. घोडीवाल्याचे वडील हेच करत. तोही कळायला लागल्यापासून हेच करत आला होता आणि ही घोडी अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होती. घोड्याला हात लावावा तर त्याने, असं दुसरे घोडेवाले म्हणत. तो ऐकलं न ऐकलंसं करी, पण ऐकत असे.

तिसऱ्या दिवशी घोडी मधल्या टप्प्यावर थांबली. ओंडका काही फार मोठा नव्हता, एरवी असा तिने बोलता बोलता आणला असता. त्याने जिभेने टकटक केलं, लगाम धरून पुढे ओढलं, शेवटी दोराचं टोक उगारलं. घोडीने जोर केला. डावीकडचं सगळं अंग ताणलं गेलं, उजवा पाय नुसता जमिनीला टेकून राहिला. ओंडका तसूभर हलला आणि होता तिथेच बसला.

वरून येणारी दोन घोड्यांची जोडी मागे खोळंबली. जोडीवाला काही बोलला नाही. त्याने खिशातून तंबाखू काढून मळायला घेतली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"सोड साखळी," मुकादम खालून म्हणाला.

त्याचा ओंडका जोडीवाल्याने नेला. साखळी स्वतःच्या खांद्यावर टाकून, मोकळी घोडी हाताशी धरून घोडीवाला सगळ्यांसमोरून खाली उतरला. साखळीचं लोखंड गार होतं, मानेला चटका बसावा इतकं गार.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने त्याला थप्पीच्या आडोशाला बोलावलं. "पंधरा दिवस थांबतो. पंधराव्या दिवशी सकाळी ये आणि वरच्या टप्प्यावरून एक ओंडका माझ्यासमोर खाली आण. नाही जमलं तर मला दुसरं जनावर बघावं लागेल. माझ्याही डोक्यावर कोणी आहे."

"जमेल."

"जमलं तर मला आनंदच आहे, बाबा."

संध्याकाळी घरी जनावरांचा दलाल येऊन गेला. मागून बंद असलेली त्याची गाडी सगळ्या टापूला माहीत होती. तिच्यात चढलेलं घोडं पुन्हा कुणी कामावर पाहिलं नव्हतं. दलालाने न विचारता घोडीचा ओठ उचलून दात पाहिले. "अजून अंगावर मांस आहे," तो कौतुकाने म्हणाला. "पंधराव्या दिवशी मी तिकडूनच जाणार आहे." घोडीवाल्याने त्याला चहा विचारला नाही. बायकोने विचारला, आणि मग नवरा-बायको रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नालबंद आला. गुडघ्यांनी वाकलेला, कानावर केसांचे झुबके असलेला म्हातारा. त्याने घोडीचा पाय उचलून मांडीत घेतला, खूर खरवडला, चिमट्याने ठिकठिकाणी दाबून पाहिला, नालेवर हातोडीने टकटक केलं. घोडी शांत उभी.

"पायात काही नाही," त्याने पाय खाली सोडला. "सूज नाही, गरम नाही. खूर माझ्या दातांपेक्षा धड आहे."

"मग लंगडते कशी?"

"ते मला कसं कळणार? खुराखालचं मी सांगतो. खुराच्या वर तू आहेस."

"आत मुरगळला असेल."

"असेल म्हटलं तर काहीही असेल," नालबंद म्हणाला आणि पेटी उचलून चालू लागला.

घोडीवाल्याने पाय मुरगळला असंच धरून चाललं. त्याने ओली चिकणमाती आणून गुडघ्यापासून खुरापर्यंत थापली, वर फडकं गुंडाळलं आणि घोडीला ठाणात बांधून ठेवलं. ठाण म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला टेकवून काढलेली पडवी. वडिलांनी जागा मिळेल तशी बांधलेली. घोडी आत शिरली की तिची उजवी कूस दगडी भिंतीकडे येई, मध्ये जेमतेम वीतभर जागा. डावीकडे आडवा वासा होता. घोडीवाला तिथे उभा राहून खरारा करी. लोखंडी दातांच्या खराऱ्याने गोल गोल घासून वाळलेला चिखल सुटा करायचा, मग ब्रशने केस बसवायचे, शेवटी फडक्याने पुसायचं. रोज सकाळी अर्धा तास. पलीकडची बाजू पाठीवरून हात टाकून, जिथवर पोचेल तिथवर. साजही तो इथेच चढवायचा, उजवीकडचा पट्टा पोटाखालून चाचपून ओढायचा. वडीलही असंच करत.

तीन दिवस घोडी बांधलेली राहिली. चौथ्या दिवशी त्याने तिला बाहेर काढलं तर तिला वळताच येईना. सबंध अंग एका फळीसारखं करून ती मागे सरकत सरकत बाहेर आली.

"चांगलं झालं," दारातून आक्का म्हणाली. "आता लंगडायचीसुद्धा नाही. पुतळा झाला."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तीस वर्षं ती गावातल्या पावाच्या भट्टीत पीठ मळत होती. मालकाने मळायचं यंत्र आणलं आणि आक्का एक ट्रंक घेऊन भावाकडे राहायला आली. कोपरापासून मनगटापर्यंत तिचे हात पुरुषासारखे होते आणि जीभ त्याहून भक्कम.

"आक्का, तू आत जा. थंडी आहे."

"थंडी आहे म्हणूनच आले. घोडी गरम असते." ती जोडे ओढत अंगणात आली आणि खरोखरच घोडीच्या उजव्या कुशीला टेकून उभी राहिली. मग सवयीने, काही मनात नसताना, तिने खांद्यामागे तळवा ठेवून दाबलं.

घोडीने कातडी थरथरवली, कान मागे टाकले आणि दातांचा कट्ट आवाज केला.

"अगं बाई." आक्का मागे झाली नाही. तिने हात थोडा खाली सरकवला. "इथे ये रे. हात दे तुझा. इथे. काय लागतंय?"

"घोडी लागतेय."

"दगड लागतोय. आता तिकडे जा आणि तिथेच, त्याच जागी दाबून बघ."

तो गेला नाही. "मी हिला अकरा वर्षं खरारा करतोय, आक्का."

"एका बाजूने करतोयस. डावीकडचं पीठ मळून मऊ आहे, उजवीकडचा गोळा तसाच पडलाय. मला जनावर कळत नाही, पण मळलेलं आणि न मळलेलं कळतं."

"घोडी म्हणजे पीठ नव्हे."

"नव्हेच. पीठ बिचारं सांगू शकत नाही. ही तीन दिवस ओरडून सांगतेय आणि तू तिच्या पायाला चिखल लावतोयस."

बायको नळाशी भांडी घासत होती. तिने तोंड फिरवलं, पण तिची पाठ हसताना हलली ती त्याला दिसलीच. तो रागाने घोडीला आत न्यायला वळला. घोडी वळेना. मग तो तिला तिथेच सोडून निघून गेला, लाकडं फोडायला म्हणून, आणि फोडलेली लाकडंच पुन्हा फोडत बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, घरातलं कुणी उठायच्या आधी, त्याने घोडीला अंगणात आणून खुंटाला बांधलं आणि तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. त्याला चमत्कारिक वाटलं. ओळखीच्या घरात मागच्या दाराने शिरावं तसं. पाठीजवळचे केस नीट बसलेले होते, त्याचा हात पोचायचा तिथवर. त्याखाली एक रेघ आखल्यासारखं सगळं बदलत होतं. केस राठ, बुडाशी जुन्या घामाची पांढरी खपली, पट्टा बसतो तिथे कातडी घासून चिवट झालेली. खांद्यामागून बरगड्यांवर आलेला मांसाचा पट्टा दोरासारखा ताणलेला. त्याने बोट टेकवलं मात्र, ते मांस आतल्या आत उडालं.

तो खाली वाकला. कोपराच्या मागे, केसांत, बोटभर लांबीचा एक जुना व्रण होता. भरून येऊन पांढरा पडलेला. त्याने तो कधीच पाहिला नव्हता. कधी लागलं असेल? काट्याने, की फांदीने? लागलं त्या दिवशीही तिने ओंडके ओढले असतील, आणि संध्याकाळी त्याने डावीकडे उभं राहून तिला फडक्याने पुसलं असेल, शीळ वाजवत.

घरात आक्का उठल्याची चाहूल लागली. मग उठून न्हाणीघराशी गेला आणि दार वाजवलं.

"आक्का."

"काय?"

"तुझं झालं की जरा बाहेर ये."

आतून पाणी ओतल्याचा आवाज थांबला. आक्काने एरवी सोडलं नसतं, पण त्याचा आवाज ऐकून ती लगेच बाहेर आली.

नालबंदाकडे तो स्वतः चालत गेला. म्हाताऱ्याने भाता थांबवून सगळं ऐकलं. "मी म्हटलंच होतं, खुराच्या वर बघ."

"म्हटलं होतंत."

"पाय लंगडतो म्हणजे पायच दुखतो असं नसतं. खांदा पुढे जाईना तर पाय कुठून जाणार? आमच्या लहानपणी मोठ्या तबेल्यात नोकर माणसं पेंढ्याचा बोळा करायची. पेंढा जरा ओला करायचा, दोरासारखा पिळायचा आणि गाठी मारून हाताएवढा घट्ट बोळा करायचा. आधी खरारा, मग ब्रश, अंग ऊबदार झालं की तो बोळा थापायचा. थाप, आणि केसांच्या दिशेने ओढून घ्यायचा. थाप, आणि ओढायचा. एका लयीत. दुसरी-तिसरी थाप झाली की जनावर पुढच्या थापेसाठी मांस आवळतं, आणि थाप झाली की सोडतं. उभ्या उभ्या त्याची मेहनत होते. फक्त मांसल जागी हां. मान, खांदा, पुठ्ठा. हाडावर नाही, बरगड्या संपल्यावर कमरेचा मऊ भाग असतो तिथे तर अजिबात नाही. आणि इतकं दुखतंय तर पहिले दोन-तीन दिवस नुसता तळवा. बांधून ठेवू नकोस. चालव. मोकळी, हळूहळू, दोन्हीकडे वळवून."

"आणि दहा दिवसांत?"

नालबंदाने भाता पुन्हा चालू केला. "मी खुराखालचं सांगतो," तो म्हणाला.

मग दहा दिवस त्या घरात दुसरं काम झालं नाही. सकाळी घोडी अंगणात. पाठीवर जुनी चादर, जेवढ्या भागाला हात लावायचा तेवढीच उघडी. आक्का उजवीकडे, तो डावीकडे, बायको पायरीवर पेंढा पिळायला. पहिल्या दिवशी घोडीने आक्काची बाही फाडली.

"दुसरी बाही घाल तोंडात," आक्का तिला म्हणाली. "जुळी होऊ दे."

ती दाबत नसे. तळवा टेकवून थांबे, घोडीचा श्वास खाली जाईपर्यंत, मग अंगाचा भार थोडा थोडा तळव्यावर सोडी. घोडीवाल्याने दोरात अडकलेल्या घोड्यांचे पाय सोडवले होते, अडलेल्या घोडीचं शिंगरू ओढून काढलं होतं, पण त्याचे हात करणारे हात होते. थांबणं त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने बाजू बदलून मागितली.

"जोर नको," आक्का म्हणाली. "पीठ फाटेल."

"घोडी आहे, आक्का."

"हो, विसरलेच. मग आणखी कमी."

खपली कोमट पाण्याने भिजवून निघाली. तिसऱ्या दिवशी कातडी उडायची थांबली. चौथ्या दिवशी आक्काचा हात खांद्यामागून फिरत असताना घोडीने मान लांब केली, खालचा ओठ सैल सोडला आणि नाकातून असा लांब सुस्कारा टाकला की पायरीवरची बायको चमकून उठली.

"अहो, काय झालं तिला?"

"काही नाही," घोडीवाला म्हणाला. "बरं वाटलं."

मग बोळा सुरू झाला. थाप, ओढ. थाप, ओढ. आक्काला लय लगेच सापडली. थापेआधी खांद्याचं मांस वर येऊन गोळा होई, मग विरघळे. घोडीवाला ते पाहत राही. खरारा झाला की तो तिला अंगणात फिरवी. नळाला उजवीकडून वळसा, जमिनीवर मांडलेल्या तीन बांबूंवरून पाय उचलून, पुन्हा उजवीकडून. आधी तिला तो वळसा आख्ख्या अंगणाएवढा मोठा लागे. पाचव्या दिवशी तो नळाभोवती बसला. पाऊल अजून थोडं आखूड होतं, पण चोरटं नव्हतं.

आणि सहाव्या दिवशी त्याने माती खाल्ली.

त्या दिवशी आक्का डोळे दाखवायला तालुक्याला गेली होती. बायको तिच्याबरोबर. अंगणात दंव होतं, घोडी ताजीतवानी दिसत होती, आणि त्याच्या मनात आलं, पंधरावा दिवस पाचच दिवसांवर आलाय. एकदा वजन लावून पाहिल्याशिवाय कळणार कसं? त्याने घाईने साज चढवला, मागच्या माळावर पडलेल्या एका जुन्या खोडाला साखळी लावली आणि टकटक केलं. थंड अंगाने घोडीने एकदम झेप घेतली. खोड हललं. दहा पावलं आलं. अकराव्याला घोडी उजवीकडे कलली आणि उभी राहिली.

संध्याकाळी दोघी आल्या तेव्हा तो ठाणाच्या वाशाला टेकून बसला होता. आक्काने त्याच्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, खांद्यामागे हात लावला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती घेतलंस?"

"दहा पावलं."

"कशासाठी?"

"मला वाटलं, जमेल," तो म्हणाला.

"भट्टीत मी नवीन होते तेव्हा झाकण उघडून उघडून पीठ फुगलं का बघायची. एकदा मालकिणीने माझ्या हातावर लाटणं मारलं." आक्का कुरकुरत खाली वाकली आणि बादली उचलली. "अगं, पाणी तापव. आणि तू ऊठ, चादर आण. बसून राहिलास तर उद्या तुलाही बोळा थापावा लागेल."

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि सकाळी तेच पुढे केलं. त्याने खाल्लं.

पुढचे दिवस त्यांनी पुन्हा तळव्यापासून सुरुवात केली. साज बाजूलाच राहिला. मुदतीच्या तेराव्या दिवशी बोळा. चौदाव्या दिवशी घोडी नळाभोवती दोन्हीकडून वळली. घोडीवाल्याने विचारलं नाही, आक्काने सांगितलं नाही. जमेल की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी तो दोन तास आधी निघाला आणि घोडीला मोकळी चालवत नेली. खाली रस्त्यावर मुकादम होता, जोडीवाला होता, आणखी दोन-तीन घोडेवाले शेकोटीला हात शेकत होते. थोडं पलीकडे दलालाची गाडी उभी होती, मागचं दार आधीच उघडं.

"हं, चल वर," मुकादम म्हणाला.

"अर्धा तास द्या."

"कशाला?"

त्याने उत्तर म्हणून पिशवीतून खरारा, ब्रश आणि बोळा काढला. वरच्या टप्प्यावर, भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असा तो घोडीच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि तळवा टेकवून थांबला.

"अरे, लग्नाला नेतोयस का तिला?" खालून कुणीतरी.

"पावडर राहिली रे!"

"घोडा धुवायचा असतो, ही तर घोड्याचे लाड करतेय बायजाबाई!"

हशा उठला. घोडीवाल्याचे कान तापले. पाऊण आयुष्य ही माणसं त्याच्याकडे आपले घोडे दाखवायला आणत होती. त्याला वाटलं, आवरावं, झालं तेवढं पुरे. पण हाताखाली मांस अजून गारठलेलं होतं. तो थांबला. खरारा केला. मग बोळा घेतला. थाप, ओढ. थाप, ओढ. हळूहळू खालचं हसणं संपलं, कारण एकाच गोष्टीला किती वेळ हसणार. घोडीने मान लांब केली.

मग त्याने साखळी लावली.

वरच्या टप्प्यावरून वाट आधी डावीकडे तिरकी उतरे आणि मध्ये एका मोठ्या बुंध्याशी उजवीकडे वळे. आजवर तो तिच्या डाव्या बाजूने चालत आला होता आणि त्या वळणावर तिचं डोकं पलीकडे ढकलत आला होता. बुंध्याशी आल्यावर ओंडका अडकला. घोडी थांबली. खाली दलालाने सिगारेट विझवली.

घोडीवाला तिच्या तोंडासमोरून उजवीकडे गेला. लगाम उजव्या हातातून डाव्यात घेतला. त्या बाजूची जमीन त्याच्या पायांना ओळखीची नव्हती, तो एकदा घसरला. "इकडे," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे. सावकाश."

त्याने ओढलं नाही. घोडीने डोकं त्याच्याकडे वळवलं. खांद्यामागचं मांस केसांखाली वर आलं, गोळा झालं, थांबलं. तो मनातल्या मनात थाप मोजत होता. मग उजवा पाय पुढे गेला, पुरता पुढे, चिखलात खूर रुतला, आणि ओंडका करकरत बुंध्यावरून निघाला. त्यानंतर ती थांबली नाही. धावलीही नाही. तिच्या जुन्या चालीने, बोलता बोलता यावं तशी खाली आली.

साखळी सैल पडली.

"पाय बरा झाला म्हणायचा," मुकादम म्हणाला.

हो म्हटलं की झालं असतं. सगळे ऐकत होते, जोडीवाला तर तोंडातली तंबाखू थांबवून. घोडीवाल्याने फास सोडवता सोडवता खालीच पाहिलं.

"पाय बिघडलाच नव्हता. माझं चुकत होतं. ठाणात तिची ही बाजू भिंतीकडे येते. अकरा वर्षांत मी तिकडे उभा राहिलो नाही."

"अकरा वर्षांत?"

"एकदाही नाही. माझ्या बहिणीने दाखवलं. ती पीठ मळते."

कुणी हसलं नाही. जोडीवाला आपल्या उजवीकडच्या घोड्याच्या मानेखालून वाकून पलीकडे गेला. दोन्ही घोड्यांच्या मधल्या फटीत तो उभा राहिला आणि त्याचा हात जरा वेळ दिसेनासा झाला.

मुकादमाने हनुवटी खाजवली. "उद्यापासून ये. महिनाभर मोठे ओंडके नकोत. आणि आधी अर्धा तास काय ते चोळायचं ते घरून चोळून ये. इथे माझी माणसं बघत बसतात."

"इथेच करावं लागेल. अंग थंड पडतं वाटेत."

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने त्याला कशाला नाही म्हटलं नव्हतं. "बरं, इथे कर," तो म्हणाला. पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

परतताना घोडीवाला मुद्दाम तिच्या उजव्या बाजूने चालला. घोडीला तिकडे माणूस असायची सवय नव्हती. माळ ओलांडताना तिने मोकळेपणी पाऊल टाकलं ते नेमकं त्याच्या पायावर.

अंगणात बायको आणि आक्का दोघी उभ्या होत्या. आधी घोडी आत आली, आणि तिच्या मागून तो, दात आवळून, एक पाय ओढत.

"अहो, काय झालं? नाही जमलं?"

"जमलं. उद्यापासून कामावर."

"मग लंगडताय का?"

"तिने पाय दिला."

आक्काला नळाचा आधार घ्यावा लागला, इतकी ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पुसतच राहिली. "बस खाली," ती म्हणाली. "जोडा काढ."

"आधी घोडी. घाम वाळायच्या आत..."

"घोडीला आम्ही बघतो."

बायकोने पिशवीतून ब्रश काढला. तो पायरीवर बसला. अंगठा काळानिळा झाला होता. समोर घोडी उभी, एका अंगाला आक्का, दुसऱ्या अंगाला बायको, घोडीचा खालचा ओठ सुटलेला. बायकोने ब्रश उलटा धरला होता.

"अगं, ब्रश जरा..."

"तुम्ही तुमचा पाय बघा," बायको घोडीच्या पलीकडून म्हणाली.

त्याने पाय पाहिला.